चाकांवरचे बिऱ्हाड : स्वस्त की महाग?

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपणांकडे बहुधा कीव येऊन, अथवा किंचित उपहासाने, योजिली जाते. जो आज या वाड्यात तर उद्या त्या चाळीत राहतो, ज्याचे सामान एका हातगाडीत मावते, अशा गृहस्थाविषयी ती उच्चारण्याचा प्रघात आहे. परंतु अमेरिकेत असे असंख्य लोक आहेत की, जे चांगले घरदार असता हौसेने विंचवाचा हा धर्म पत्करतात. मोटारीच्या मागे एक छोटेखानी घर जोडावे, त्यातच रांधावे, त्यातच निजावे आणि मन लागेल तेथे तळ द्यावा, असा त्यांचा क्रम असतो. मागे जोडलेल्या अशा घरास तेथे ट्रेलर म्हणतात. यंत्र आणि घर एकाच सांगाड्यावर असेल तर त्यास आपण मोटारघर म्हणू. आपल्या देशात या दोहोंसही सरसकट कॅरॅव्हॅन म्हणण्याची चाल पडत आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण ठरविले, केरळानेही त्याच वर्षी तसेच केले, आणि तेव्हापासून हा विषय आपल्याही दाराशी येऊन ठेपला आहे. आमचे विद्यार्थी या गाड्यांची चित्रे मोठ्या कौतुकाने पाहतात, आणि घरी जाऊन वडिलांस सांगतात की, हॉटेलाचे भाडे नको, खाणावळीचा खर्च नको, म्हणजे प्रवास जवळजवळ फुकट! पालकांपैकी काहींनी या बाबतीत आमचे मत विचारले, म्हणून हा लेखनप्रपंच. आमचे मत थोडक्यात असे की, हे घर उभे असता स्वस्त आणि चालू असता महाग असते. आणि ते कर्ज काढून घेतले असेल तर उभे असता अधिकच महाग असते. हे मत केवळ पुस्तके वाचून बनलेले नाही. त्यापायी आम्ही एक रात्र थंडीत कुडकुडत काढली आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. हौसेखातर घर चाकांवर घालून हिंडण्याची प्रथा ज्यांनी रूढ केली त्यांत गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टराचे नाव अग्रभागी येते. १८८५ साली त्याने ब्रिस्टल येथील कारखान्यात एक डौलदार घर बांधवून घेतले, त्यास ‘वाँडरर’ म्हणजे भटक्या असे नाव ठेविले, दोन घोडे जुंपले आणि दक्षिण इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत स्वारी नेली. घोडे हाकण्यास गाडीवान, सेवेस नोकर, आणि पुढे जाऊन रस्त्याची वर्दी आणण्यास तीनचाकी सायकल, असा हा थाट होता. हा प्रवास मोठा रम्य झाला असेल, परंतु त्यास काटकसर म्हणण्याचे धाडस खुद्द डॉक्टरसाहेबांनीही केले नसते.

स्वस्ताई आली ती स्वस्त मोटारीबरोबर. फोर्डची मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्यावर अमेरिकेतील कुटुंबे तंबू, पथाऱ्या व डबाबंद अन्न घेऊन रस्त्यास लागली. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा येथे तळ दिलेल्या अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाचा संघ स्थापिला. मोटारीच्या रेडिएटरवर बसविलेला एक पत्र्याचा डबा, हीच त्यांची एकमेकांस ओळखण्याची खूण. पुढे मंदीच्या काळात वॉली बायम नावाच्या गृहस्थाने ट्रेलर घरच्या घरी कसा बांधावा याचे नकाशे विकले, नंतर तो स्वतः ट्रेलर बांधू लागला, आणि १९३६ साली त्याने चकचकीत ॲल्युमिनियमचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणिला. त्याची किंमत १२०० डॉलर होती. साधी नवी फोर्ड मोटार त्या वेळी याहून पुष्कळ स्वस्त मिळे. म्हणजे पत्र्याचा डबा आणि चकचकीत ॲल्युमिनियम असे या छंदाचे दोन पंथ तेव्हाच पडले होते. आज स्वस्ताईचे गुणगान ऐकू येते ते डब्याच्या पंथाचे. विक्री होते ती मात्र बहुतांशी दुसऱ्या पंथाच्या वस्तूंची. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

आता आमचा अनुभव. काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी आमच्या भाच्याकडे जाण्याचा योग आला. भाचा, सूनबाई आणि त्यांची दहा वर्षांची कन्या असे ते कुटुंब. त्यांनी नुकताच २२ फूट लांबीचा एक नवा कोरा ट्रेलर घेतला होता, आणि मामांस घेऊन त्यातून ११ दिवस हिंडावयाचे असा बेत आम्हांस न विचारताच ठरला होता.

फीनिक्सच्या पश्चिमेस सुमारे १३० मैलांवर क्वार्ट्‌झसाइट नावाचे वाळवंटातील गाव आहे. उन्हाळ्यात तेथे अंगाची लाही होते व वस्तीही तुरळक असते. परंतु हिवाळ्यात उत्तरेकडील बर्फास कंटाळलेले सहस्रावधी लोक आपापली घरे ओढीत तेथे येतात आणि खडकाळ माळावर जणू एक नगरच वसते. ही जमीन सरकारच्या भूमिव्यवस्थापन खात्याची. १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंतच्या हंगामात दीर्घकाळ मुक्काम करणाऱ्यांकरिता त्या खात्याने १९८३ पासून काही तळ राखून ठेविले आहेत. कित्येक वर्षे तेथील दर संपूर्ण हंगामास १८० डॉलर व १४ दिवसांस ४० डॉलर असा होता, आणि आम्हीही ४० डॉलरच भरले. त्या मोबदल्यात पिण्याच्या पाण्याचा नळ, सांडपाणी व मैला रिकामा करण्याची जागा, साधी शौचकुपे व केरकचरा टाकण्याची सोय मिळते. वीज नाही, सावलीही जवळजवळ नाही, शेजारी मात्र पुष्कळ!

गावात एक तिकोनी दगडी स्मारक असून त्याच्या माथ्यावर धातूचा उंट आहे. १८५६ साली अमेरिकेच्या लष्कराने वाळवंटात वाहतुकीचा प्रयोग म्हणून उंट आणविले, त्यांबरोबर आलेल्या हाजी अली नावाच्या उंटवाल्याची ही समाधी. तेथील लोकांच्या जिभेने त्याचे ‘हाय जॉली’ केले. तो १९०२ साली वारला. कॅरॅव्हॅन या शब्दाचा मूळ अर्थ वाळवंटातून एकत्र जाणाऱ्या प्रवाशांचा तांडा. तेव्हा खऱ्या तांड्याचा माणूस या नव्या तांड्याच्या गावी चिरविश्रांती घेत आहे, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटला. असो.

या माळावर आम्ही सहा दिवस राहिलो, आणि त्या सहा दिवसांत आम्हांस हे घर स्वस्त कसे होते ते कळले. छपरावरील सौर तावदानांतून दिव्यांपुरती वीज मिळे. सूनबाई सकाळी पोळ्या करी, संध्याकाळी खिचडी. पाण्याची टाकी ३० गॅलनची, म्हणजे सुमारे ११३ लिटरची. ते पाणी चौघांस तीन दिवस पुरवावयाचे, असा नियम आमच्या नातीने घातला. कारण तिने पाणीखाते स्वतःकडे घेतले होते. भांडी आधी कागदाने पुसावयाची व मग वाटीभर पाण्यात विसळावयाची. तोंड धुताना नळ सुटा ठेविल्याबद्दल आम्हांस दोनदा समज मिळाली. आयुष्याची तीस वर्षे मुलांस शिस्त लावण्यात घालविल्यानंतर असा प्रसंग येणे हितकर असते.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट अशी की, एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम वजन. टाकी भरून निघणे म्हणजे सुमारे ११३ किलो अधिक ओझे डोंगरावर ओढून नेणे; म्हणून जाणते लोक टाकी जवळपास रिकामी ठेवून निघतात व मुक्कामाजवळ भरतात. तसेच, ट्रेलरच्या एकंदर वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा मोटारीच्या जोडावर पडेल अशा बेताने सामान रचावे लागते. जड सामान मागे कोंबले तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागतो आणि मोटारीसही बरोबर घेऊन जातो. तराजूच्या दांडीचा जो धडा आपण पदार्थविज्ञानात शिकतो, तोच येथे जिवाचा प्रश्न होऊन बसतो.

सातव्या दिवशी भाच्यास ग्रँड कॅन्यन दाखविण्याची उर्मी आली. अंतर सुमारे ३०० मैल, आणि चढ हजार फुटांहून कमी उंचीवरून सुमारे ७००० फुटांपर्यंतचा. एरवी गॅलनमागे २० मैल चालणारी मोटार त्या दिवशी १० मैलही कुरकुरत चालली. साडेतीन डॉलर दराने तीस गॅलनचे शंभरावर डॉलर झाले. म्हणजे सहा दिवसांचे निवासभाडे ज्या रकमेत भागून वर आणखी आठ दिवस राहण्याची मुभा होती, तिच्या अडीचपट रक्कम एका दिवसात चाकांनी खाल्ली. वेग वाढविला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा भिंतीसारखे सपाट घर ओढीत घाई करणाऱ्यास दंड भरावाच लागतो.

रात्री बाहेर बर्फ होते. गाडीतील शेगडी गॅसवर चालते. परंतु तिची ऊब खोलीत पसरविणारा पंखा बॅटरीवर चालतो, ही गोष्ट आमच्यापैकी कोणी ध्यानात घेतली नव्हती. पहाटे चारच्या सुमारास बॅटरी संपली, पंखा थांबला, शेगडी विझली, आणि उजाडेपर्यंत पंपाची नळीही गोठली. चहा नाही, तोंड धुण्यास पाणी नाही, आणि पाणीखात्याच्या अधिकारी पांघरुणातून बाहेर येईनात! दरी मात्र अशी होती की, हे सर्व विसरावे. परंतु ती तितकीच भव्य बिगरट्रेलरचीही दिसली असती, हेही खरे.

परतल्यावर सूनबाईने कागद काढला. ती म्हणाली, “मामा, तुम्ही शाळामास्तर. एवढा हिशेब तपासून द्या.” ट्रेलरची किंमत ३०,००० डॉलर; त्यांपैकी २४,००० कर्ज, दहा वर्षांच्या मुदतीचे. हप्ता महिन्यास सुमारे २८० डॉलर. घराच्या आवारात ट्रेलर उभा करण्यास मनाई असल्यामुळे तो ठेवण्याच्या जागेचे भाडे महिन्यास ६० डॉलर. विमा व किरकोळ दुरुस्ती वर्षास ४०० डॉलर. एकूण वर्षास सुमारे साडेचार हजार डॉलर झाले. आणि भाच्यास रजा मिळते ती लक्षात घेता त्या घरात त्यांचे निजणे होणार वर्षातून फार तर वीस रात्री. म्हणजे रात्रीस सव्वादोनशे डॉलर, आणि त्यात पेट्रोल धरलेले नाही. “साध्या हॉटेलात राहिलो असतो तर निम्म्यात झाले असते,” ती म्हणाली. भाचा म्हणाला, “पण मामा, पोरीला स्वतःच्या बिछान्यात झोप लागते, बाहेरचे खावे लागत नाही, आणि रात्री आकाश दिसते ते हॉटेलात कुठले?” दोघांचेही म्हणणे खरे होते. आम्ही हिशेब तपासला. चूक सापडली नाही. आमचे मत आम्ही स्पष्टपणे सांगितले की, आकाशास किंमत द्यावी, परंतु ती देताना तीस काटकसर म्हणू नये. त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आम्ही क्वार्ट्‌झसाइटच्या माळावर शेजारीच पाहिले होते. तेथे एक सत्तरीच्या बाई एका जुन्या लहानशा ट्रेलरात एकट्या राहत. तो त्यांनी रोख पैसे देऊन दुसऱ्याकडून घेतला होता. हंगामाचे १८० डॉलर भरून त्या सात महिने तेथे राहत. म्हणजे रात्रीस एक डॉलरही पडत नसे. उन्हाळ्यात त्या उत्तरेकडील डोंगरांत एका सरकारी तळावर देखरेखीचे काम करीत, आणि त्याबद्दल तेथे राहण्यास जागा फुकट मिळे. वर्षातून हालचाल दोनदाच, पेट्रोल तेवढेच. स्वस्त प्रवासाची कला म्हणून जे काही सांगितले जाते ते सर्व या बाईंनी साधले होते: घर लहान, जुने व बिनकर्जी, मुक्काम लांब, आणि श्रम स्वतःचे. परंतु त्यांनी हे हौसेने आरंभिले नव्हते. २००८ सालच्या आर्थिक अरिष्टात त्यांचे घर गेले होते. आपला दात दुखला अथवा गाडीचा आस मोडला तर पुढे काय, याची चिंता त्यांनी आम्हांस चहा पाजताना हसतहसत बोलून दाखविली. अशा लोकांविषयी जेसिका ब्रूडर या लेखिकेने २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावरील चित्रपटास २०२१ साली ऑस्करचे सर्वश्रेष्ठ पारितोषिकही मिळाले. जे लोक या राहणीची गोडवी गाताना या बाईंच्या रात्रीच्या डॉलरभर भाड्याचा दाखला देतात, त्यांनी त्यांच्या चिंतेचाही आकडा त्यात मिळवावा, असे आम्हांस वाटते. तो नेमका किती धरावा हे आम्हांस ठरविता आलेले नाही.

आता आपल्या प्रांताकडे वळू. बिऱ्हाड बरोबर घेऊन स्वस्तात जाण्याची विद्या आपणांस अमेरिकेकडून शिकावयाची आहे असे नाही. आळंदी-देहूहून पंढरपुरास जाणाऱ्या दिंड्यांचे ट्रक पुढे जाऊन राहुट्या ठोकतात, चुली पेटवितात, आणि दिंडीत भिशी भरलेल्या साध्या शेतकऱ्यास वाटभर जेवण व निवारा मिळतो. तेथेही स्वस्ताईचे मर्म तेच आहे: खर्च अनेकांत वाटलेला, श्रम स्वतःचे, चाल पायांची, आणि घाई नाही. आपल्याकडे भाड्याने मिळणारी मोटारघरे मात्र बहुधा चालकासह, वातानुकूलित व दिवसाच्या हिशेबाने मिळतात. त्यामुळे कुटुंबप्रमुख दिवस फुकट जाऊ नये म्हणून अधिकाधिक ठिकाणे पाहण्याचा बेत करतो, आणि हे घर उभे राहण्यातच ज्याची बचत ते घर दिवसभर धावते. चार दिवसांत कोकणातील नऊ किनारे पाहिल्याचे सांगणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. कोणत्या किनाऱ्यावर काय पाहिले, हे त्यांच्या मुलांस सांगता आले नाही.

सरकारच्या धोरणात गाड्यांबरोबर त्या उभ्या करावयाच्या तळांचाही विचार आहे, ही समाधानाची गोष्ट होय. आमचे म्हणणे इतकेच की, तळ आधी व्हावे, आणि ते साधे व्हावे. पोहण्याचे तलाव व उपाहारगृहे नसली तरी चालेल. परंतु पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचकुपे, आणि गाडीतील मैला रिकामा करण्याची नीट बांधलेली जागा असलीच पाहिजे. ही शेवटची सोय नसेल तर तो मैला कोणत्या ओढ्यात जाईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. आणि अशा तळावर तंबू घेऊन एस. टी.ने आलेल्या कुटुंबासही चार रुपये कमी घेऊन जागा द्यावी. दोघांनाही पाणी तेच लागते.

पालकांस आम्ही असे सुचवू की, मुलाच्या हट्टासाठी अशी गाडी विकत घेण्याच्या फंदात पडू नये. हौस असेल तर दोन कुटुंबांनी मिळून ती चार दिवस भाड्याने घ्यावी, शंभर मैलांच्या आत एकच जागा निवडावी, आणि तेथेच राहावे. तेही परवडत नसेल, आणि आमच्या बहुतेक पालकांस ते परवडणार नाही, तर गाडीशिवायच तिचा गुण घ्यावा: एखाद्या गावी स्वयंपाकाची सोय असलेली एक खोली आठ दिवस घ्यावी, स्टोव्ह, डाळ-तांदूळ व पांघरुणे घरून न्यावी, आणि मुलांकडे एकेक खाते सोपवावे. यात डौल नाही, हे आम्ही जाणतो. छायाचित्रही फारसे चांगले येत नाही.

आमच्या भाच्याने पुढल्याच वर्षी तो नवा ट्रेलर विकला. विक्रीत बरेच नुकसान आले. कर्ज फिटून हाती थोडेच उरले. त्या उरलेल्या पैशांत त्याने बारा वर्षांचा जुना, १६ फुटी ट्रेलर घेतला, आणि आता ते घरापासून पन्नास मैलांच्या आतील एका तलावाकाठी जाऊन रजा संपेपर्यंत तेथेच राहतात. नातीचे पत्र आले होते. पाणीखाते अजून तिच्याकडेच आहे. ट्रेलरात माणशी दिवसास साडेनऊ लिटर पाणी लागते असे तिने मोजून काढले असून, “आजोबा, तुमच्या घरी किती लागते?” असे विचारले आहे. आम्ही एक दिवस बादल्या मोजल्या. पत्राचे उत्तर अद्याप लिहावयाचे आहे.